शिवसागरला जाताना : बामणोली, तापोळा आणि वासोट्याच्या खर्चाचा हिशेब

बामणोलीच्या धक्क्यावर बोटीचे भाडे माणशी नसते, अख्ख्या बोटीचे असते. कोयनेच्या बॅकवॉटरला जाणाऱ्याने घर सोडण्याआधी ही एक गोष्ट नीट समजून घेतली, तर पुढचा हिशेब बराच सोपा होतो. पेट्रोल, टोल, जेवण यांत काटकसर करून चौघांच्या गटाचे फार तर पाच-सातशे रुपये वाचतात. बोटीत तुम्ही चौघे बसता की दहा जण, यावर माणशी सहाशे रुपयांचा फरक पडतो.

आधी जागा पक्की करा. ‘कोयनेला जायचंय’ एवढ्या बोलण्यावर निघालेली अनेक कुटुंबे पाटणवरून कोयनानगरला पोहोचतात आणि तिथे बोटी शोधत बसतात. कोयना धरणाचा शिवसागर जलाशय दक्षिणोत्तर सुमारे पन्नास किलोमीटर पसरलेला आहे. दक्षिण टोकाला कोयनानगर आणि धरणाची भिंत, उत्तरेला महाबळेश्वरच्या खाली तापोळा, आणि मधल्या पट्ट्यात पूर्वेच्या काठावर बामणोली. यांना जोडणारा काठाकाठाचा सरळ रस्ता नाही, त्यामुळे चुकीच्या टोकाला गेलात तर अर्धा दिवस आणि हजारभराचे इंधन गेलेच म्हणून समजा. कोयनानगरला नेहरू स्मृती उद्यानातून धरण पाहता येते, पावसाळ्यात ओझर्ड्याचा धबधबा असतो, कऱ्हाडहून रस्ता चांगला आहे. पाण्यावर जायचे असेल, जंगल पाहायचे असेल, तर मात्र बामणोली किंवा तापोळा. हा लेख त्या दोन गावांपुरता आहे.

दोघांत निवड कशी करावी? वासोटा किल्ला चढायचा असेल तर बामणोली. लहान मुले, वयस्क आई-वडील बरोबर असतील, नुसते पाणी पाहत एक-दोन दिवस काढायचे असतील, तर तापोळा. तिसरा पर्याय अलीकडचा आहे. बामणोलीजवळच्या मुनावळे गावी एमटीडीसीचे जलक्रीडा केंद्र २०२४ मध्ये सुरू झाले. वेगवान बोटी, जेट स्की यांची हौस असेल तर तिथे जावे. तिथल्या खेळांचे पैसे मात्र माणशी आणि फेरीमागे मोजावे लागतात, आणि फेरी काही मिनिटांची असते. घरातल्या प्रत्येकाने दोन-दोन खेळ केले की रक्कम बोटीच्या अख्ख्या दिवसाच्या भाड्यापर्यंत जाते. मुलांना आधीच सांगून ठेवावे : एक खेळ निवडा.

आता रस्ता. पुण्याहून सातारा ११० किलोमीटर, साताऱ्याहून यवतेश्वर, कासमार्गे बामणोली आणखी ३५-४० किलोमीटर. तापोळ्याला जायचे तर सुरूर फाट्यावरून वाई, पाचगणी, महाबळेश्वर आणि मग घाटाने २८ किलोमीटर खाली. दोन्ही अंतरे एकेरी दीडशेच्या घरात भरतात, म्हणजे जाऊन-येऊन ३०० किलोमीटर. गाडी लिटरला पंधरा देत असेल तर वीस लिटर पेट्रोल, साधारण २,१०० रुपये. घाटात आणि एसी लावून पंधराचे तेरा होतात, तेवढी मोकळीक ठेवा. मुंबईकरांना येऊन-जाऊन पावणेसहाशे किलोमीटर पडतात. इंधन चार हजार, शिवाय द्रुतगती मार्गाचे कारला एकेरी ३२० रुपये.

टोलमध्ये एक बारकावा आहे. बामणोलीला जाताना खेड शिवापूर आणि आनेवाडी हे दोन्ही नाके लागतात. तापोळ्याच्या वाटेवर आनेवाडीच्या अलीकडेच तुम्ही महामार्ग सोडता, म्हणून एकच नाका. पण ते वाचलेले पैसे पाचगणी आणि महाबळेश्वरच्या नगरपालिकांचा माणशी प्रवासी कर भरण्यात जातात. ऑगस्ट २०२५ मध्ये ३,००० रुपयांना सुरू झालेला फास्टॅग वार्षिक पास असेल, तर राष्ट्रीय महामार्गावरचे हे दोन्ही नाके त्यात बसतात. मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग त्यात नाही, कारण तो राज्याचा आहे.

टाकी सातारा किंवा महाबळेश्वर सोडतानाच भरा, आणि एटीएममधून पैसेही तिथेच काढा. खाली दरीत उतरले की मोबाइलची रेंज येते-जाते. रेंज नसली की फोनवरून पैसे जात नाहीत. बोट, परवाना, जेवण या तिन्हींसाठी रोख लागेल असे धरून चला. चौघांमागे सात-आठ हजार रुपये, त्यातही शंभर-दोनशेच्या नोटा जास्त. सुट्ट्या पैशांसाठी धक्क्यावर खोळंबलेले लोक दर रविवारी दिसतात.

एसटीने जाणे शक्य आहे आणि स्वस्तही. पुणे-सातारा साधी गाडी दोनशे रुपयांच्या आसपास, सातारा-बामणोली शंभराच्या आत. मार्च २०२३ पासून महिलांना अर्धे तिकीट आहे, ६५ ते ७५ वयाच्या ज्येष्ठांनाही अर्धे, पंचाहत्तरीपुढे प्रवास मोफत. अडचण वेळेची आहे. बामणोलीच्या गाड्या मोजक्याच, आणि सकाळी साताऱ्याहून निघणारी गाडी पकडली तरी वासोटा करून त्याच दिवशी परतणे जमत नाही. एसटीने जाणाऱ्याने मुक्काम गृहीत धरावा. साताऱ्याच्या स्थानकात चौकशी खिडकीवर विचारलेली वेळच खरी माना.

मुख्य खर्चाकडे येऊ. बामणोलीहून वासोट्याच्या पायथ्याला, मेट इंदवलीला, बोटीने जायला तास-दीड तास लागतो. डिझेल इंजिनाची ही साधी बोट आहे. दोन्ही कडांना बाके, वर ताडपत्री किंवा पत्र्याचे छत, मागे इंजिनाशी एक जण. इंजिन सुरू झाले की बोलणे ऐकू येत नाही. दहा-बारा जण बसतात. भाडे तीन ते पाच हजारांच्या दरम्यान, हंगाम, डिझेलचा भाव आणि बोटीचा आकार यांप्रमाणे. त्यात जाणे, तुम्ही गड चढून उतरेपर्यंत थांबणे आणि परत आणणे हे सगळे धरलेले असते. बोट क्लबच्या टपरीवर दरपत्रक लावलेले असते, ते वाचा. ‘किती वाजेपर्यंत थांबणार, उशीर झाला तर तासाला किती?’ हा प्रश्न पैसे देण्याआधी विचारा. परतताना अंधार पडू लागला की हाच प्रश्न विचारण्याची वेळ येते, आणि तेव्हा घासाघीस करण्यासारखी तुमची स्थिती नसते.

चौघेच असाल तर बोट वाटून घ्या. शनिवार-रविवारी सकाळी साडेसात-आठला धक्क्यावर पोहोचलात तर तुमच्यासारखे आणखी दोन-तीन छोटे गट उभे असतात. सरळ जाऊन विचारावे. ‘आम्ही चौघे, वासोटा, चार वाजता खाली उतरू. येताय?’ वेळ आधी जुळवून घेणे महत्त्वाचे. एका गटाला वासोट्याच्याही पुढे नागेश्वरपर्यंत जायचे आणि दुसऱ्याला दोन तासांत परतायचे, तर सगळ्यांचाच दिवस बिघडतो. मधल्या वारी गेलात तर गर्दी नसते, पण वाटेकरीही नसतात. अख्खी बोट तुमच्याच माथी. दोन-तीन कुटुंबांनी मिळून ठरवून मधल्या वारी जाणे हा मला सर्वात चांगला मार्ग वाटतो. शांतताही मिळते आणि बोटही भरते.

भाड्यात फार ताणू नका, हे मनापासून सांगतो. कोयना धरण १९६४ मध्ये पूर्ण झाले. या पाण्याखाली आणि पाण्याच्या कडेला शंभराच्या आसपास गावांची घरे-शेते गेली. काही जण सोलापूर, सांगली, रायगड, ठाणे अशा जिल्ह्यांत पाठवले गेले, काही वरच्या उतारांवर सरकून राहिले. पुनर्वसनाच्या मागण्या अजून संपलेल्या नाहीत. मागे राहिलेल्यांची भातखाचरे गेली, पुढे अभयारण्य आले, मग २०१० मध्ये सह्याद्री व्याघ्र प्रकल्प. उत्पन्नाचे जे थोडे मार्ग उरले त्यात ही बोट आहे, आणि ती वर्षातले सात-आठ महिनेच चालते. दरपत्रकापेक्षा जास्त कोणी मागितले तर देऊ नका. दरपत्रकाप्रमाणे मागितले तर द्या.

परवान्याचे पाहू. वासोटा कोयना अभयारण्यात येतो. बामणोलीत वन विभागाकडून परवाना काढूनच बोटीत बसायचे. अर्जात सगळ्यांची नावे, एकाचे तरी ओळखपत्र, शक्यतो आधारची झेरॉक्स. माणशी प्रवेशशुल्क, कॅमेऱ्याचे वेगळे शुल्क, वाटाड्या घेतलात तर त्याचे वेगळे. माणशी दीडशे रुपये बाजूला ठेवलेत तर वाटाड्या सोडून बाकीचे त्यात भागते. वाटाड्याचे गटामागे पाचशे ते हजार धरा. लहान मुले असतील किंवा कोणीच आधी गेलेले नसेल तर घ्याच. झाडी इतकी दाट आहे की वाट सोडली की दिशा कळत नाही, आणि गवे, अस्वले याच रानात आहेत.

पायथ्याला वनरक्षक पिशव्या उघडून पाहतात. प्लास्टिकच्या बाटल्या, बिस्किटांचे पुडे, वेफर्सची पाकिटे मोजून नोंद होते आणि अनामत रक्कम ठेवावी लागते. उतरल्यावर तेवढ्याच वस्तू दाखवल्या की पैसे परत. यात अडकायचे नसेल तर सोपा उपाय : स्टीलच्या बाटल्या आणि घरून आणलेला डबा. चपाती-भाजी, गूळ-शेंगदाणे, संत्री. पाणी माणशी दोन लिटर. हा डबा पैसेही वाचवतो, कारण वर काही विकत मिळत नाही. पायथ्यापासून माथा दोन ते अडीच तास. पहिला टप्पा ओढ्याच्या काठाने सावलीतून, मग उभी चढण. वर महादेवाचे मंदिर, पाण्याची टाकी, आणि पश्चिमेला बाबूकडा, जिथून खाली कोकणात एकदम नजर घसरते. गडावर मुक्कामाला परवानगी नाही, मद्याला नाही, आणि संध्याकाळच्या आत खाली यावेच लागते. कोणी ‘वासोट्यावर नाइट कॅम्प’ म्हणून पैसे मागत असेल तर तिथेच फोन ठेवा. ते बेकायदा आहे आणि दंड तुम्हाला होईल.

कधी जावे, याचा खर्चाशी जवळचा संबंध आहे. पावसाळ्यात वासोटा बंद असतो. सप्टेंबरअखेर धरण बहुधा भरलेले असते, आणि नोव्हेंबरमध्ये जाल तर पाणी थेट झाडांना टेकलेले दिसते. बोट गवताला लागते, एक उडी मारली की तुम्ही वाटेवर. त्यानंतर पाणी उतरत जाते. एक वाट पश्चिमेची, बोगद्यांतून पोफळीच्या वीजगृहाकडे आणि पुढे वाशिष्ठी नदीत. दुसरी पूर्वेची, नदीपात्रातून कृष्णेत, जिच्यावर टेंभू, ताकारी, म्हैसाळच्या उपसा योजना अवलंबून आहेत. धरणाचे वर्ष १ जूनला सुरू होते, म्हणून मेअखेर साठा सर्वात खाली असतो. एप्रिल-मेमध्ये काठाला लाल मातीचा उघडा पट्टा पडतो, कुठे कुठे कित्येक मीटर उंचीचा. बोट पूर्वीच्या जागेपर्यंत जात नाही. भेगाळलेल्या चिखलातून, दगडगोट्यांतून उन्हात चालत पायवाट गाठावी लागते. बोटीचे भाडे तेच, चालणे दुप्पट आणि पाणी माणशी तीन लिटर. नोव्हेंबर ते फेब्रुवारीचे पहिले पंधरा दिवस, एवढाच काळ मी कोणाला सुचवतो.

सप्टेंबरमध्ये कासच्या फुलांबरोबर बामणोली जोडून घेण्याचा मोह होतो. जोडा, पण वासोटा त्यात धरू नका. कास पठारावर हंगामात माणशी दीडशेच्या आसपास शुल्क आहे, ऑनलाइन नोंदणी आधी करावी लागते, आणि शनिवार-रविवारी त्या अरुंद रस्त्यावर गाड्यांची रांग लागते. फुले मंगळवारी-बुधवारीही तीच असतात.

तापोळ्याचा खर्च वेगळ्या धर्तीचा. इथे बोट दिवसभरासाठी नाही, फेरीसाठी घेतात. कोयना, सोळशी, कांदाटी या नद्यांच्या पाण्याचा संगम, काठावरची देवळे, समोरच्या खोऱ्यातली गावे, अशा ठिकाणांप्रमाणे आणि वेळेप्रमाणे दर. जवळच्या फेरीला बोटीमागे हजारापासून, लांबच्या फेरीला दोन-अडीच हजार. अर्ध्या तासाची फेरी घेऊ नका. इंजिन तापते न तापते तोच परतावे लागते. तासाभराच्या पुढची घ्या, सकाळी लवकर किंवा चारनंतर. लाइफ जॅकेट प्रत्येकाला मागा आणि अंगात घालून छातीवरचे आणि कमरेचे दोन्ही पट्टे आवळा. मुलांच्या मापाचे जॅकेट असेलच असे नाही. मोठ्या मापाचे सैल जॅकेट पाण्यात पडलेल्या मुलाच्या डोक्यावरून निसटते. मापाचे नसेल तर थांबा, दुसऱ्या बोटीकडे मागा. पोहायला उतरू नका. पाण्याखाली जुन्या शेतांचे बांध, झाडांचे बुंधे आणि गाळ आहे. काठावर गुडघाभर वाटणारे पाणी दोन पावलांवर खोल होते.

गाड्या पलीकडच्या काठावर नेणारा तराफाही इथे आहे. तो मुळात कांदाटी खोऱ्यातल्या लोकांच्या दवाखान्याच्या, बाजाराच्या, शाळेच्या कामांसाठी आहे. गर्दीच्या दिवशी पर्यटकांच्या गाड्यांमुळे गावकरी मागे राहतात. आधी त्यांना जाऊ द्या.

मुक्कामाचे दर तीन प्रकारचे. गावातले घरगुती निवास, दोन वेळचे जेवण आणि नाश्त्यासह माणशी हजार ते दीड हजार. तंबू माणशी बाराशे ते दोन हजार. काठावरची रिसॉर्ट खोलीमागे तीन हजारांपासून, दिवाळी आणि नाताळात दुप्पट. माझी पसंती घरगुती निवासाला आहे. नाचणीची किंवा तांदळाची भाकरी, पिठले, ठेचा, मागितले तर गावठी कोंबडी किंवा बॅकवॉटरचा मासा. शाकाहारी ताट दीडशे-दोनशे, मांसाहारी अडीचशे ते साडेतीनशे. मात्र जेवण आयते तयार नसते. बोटीत बसण्याआधी किती जण, किती वाजता, काय खाणार हे सांगून जा, म्हणजे संध्याकाळी उतरल्यावर ताट मिळते. तंबूंबाबत विचारायचे प्रश्न असे : तंबू खासगी जागेत आहेत का, शौचालय किती जणांमागे एक, रात्री गाणी किती वाजता बंद होतात, डिसेंबरच्या थंडीत पांघरूण कोण देणार. दरीत पहाटे गारठा चांगलाच असतो.

तीन नमुना हिशेब देतो. दर मध्यम धरलेले आहेत.

पहिला, पुण्याहून चौघे मित्र, एका दिवसात वासोटा. पेट्रोल २,१००, टोल ४००, बोट ४,०००, वन विभागाचे ६००, सकाळचा नाश्ता आणि रात्रीचे जेवण १,६००, दुपारी घरचा डबा. एकूण ८,७००, माणशी २,१७५. हीच बोट दहा जणांत वाटली तर चौघांचा वाटा १,६०० होतो, एकूण ६,३०० आणि माणशी १,५७५.

दुसरा, आई-वडील आणि दोन मुले, तापोळ्याला एक रात्र. पेट्रोल २,१००, टोल २५०, प्रवासी कर २००, घरगुती निवास मोठ्यांचे २,६०० आणि मुलांचे अर्ध्या दराने १,३००, बोटीची फेरी १,५००, वाटेतली दोन जेवणे १,६००, स्ट्रॉबेरी, चहा, मक्याचे कणीस ५००. बेरीज १०,०५०. याच कुटुंबाने रात्र महाबळेश्वरच्या हॉटेलात काढून तापोळ्याला नुसते खाली उतरून यायचे ठरवले, तर खोली आणि जेवणाचेच बहुधा दुप्पट होतात.

तिसरा, एसटीने पती-पत्नी, बामणोलीत एक रात्र, दुसऱ्या दिवशी वाटून घेतलेल्या बोटीने वासोटा. एसटी जाऊन-येऊन दोघांची ८३०, निवास-जेवण २,४००, बोटीतला वाटा ८००, वन विभागाचे ३००, वरखर्च ६००. म्हणजे ४,९३०. गाडी असलेल्या मित्रांच्या एका दिवसाच्या खर्चात थोडी भर घालून यांना रात्रीचा मुक्कामही मिळाला.

पुण्या-मुंबईच्या गटसहलींची जाहिरात दीड ते दोन हजारांत ‘सर्वसमावेशक’ वासोटा दाखवते. रक्कम वाजवी आहे, पण त्यात बोट, परवाना, वाटाड्या आणि दोन्ही जेवणे आहेत का, हे लेखी विचारा. पुष्कळदा वन विभागाचे शुल्क ‘जागेवर’ असते. बोटीत किती जण बसवणार, तेही विचारा. पाऊस, गर्दी किंवा वन विभागाच्या आदेशामुळे गड बंद झाला तर पैसे परत, की तारीख बदलून, आणि किती दिवसांत, हे उत्तर व्हॉट्सअ‍ॅपवर शब्दांत घ्या. निवासाची आगाऊ रक्कम एक तृतीयांशापेक्षा जास्त देऊ नका, आणि ती देताना ज्या नावाने खाते आहे ते नाव निवासाच्या मालकाचेच आहे ना, ते पाहा. पैसे पाठवल्याचा स्क्रीनशॉट, दराचा संदेश आणि बोटीची पावती परत येईपर्यंत जपून ठेवा. ठरलेली सेवा मिळाली नाही आणि बोलून मार्ग निघाला नाही, तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५ आहे. तक्रार मराठीत नोंदवता येते, आणि तिथे पहिल्यांदा हीच कागदपत्रे मागतात.